बाटली फोडण्याआधी

(तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे उपाहारगृहांचे चालक व काही मराठी कुटुंबे यांच्यासमोर अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पापनाशम नावाची दोन गावे तमिळनाडूत प्रसिद्ध आहेत. एक तिरुनेलवेली जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. दुसरे हे आपले, तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यानचे, कुडमुरुट्टीच्या काठचे. एकशे आठ शिवलिंगांच्या देवळामुळे यात्रेकरू ते ओळखतात, पापनाशम शिवन यांच्या रचनांमुळे संगीताचे रसिक ओळखतात आणि तिरुप्पालैत्तुरैच्या देवळातील नायक काळातल्या प्रचंड विटबांधी धान्यकोठारामुळे इतिहासाचे अभ्यासक ओळखतात. मी येथे आले ती या तीनही कारणांनी नव्हे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद पाहण्यासाठी मी काही आठवड्यांपूर्वी आले आणि एका मराठी कुटुंबाच्या आग्रहावरून या गावी उतरले. साडेतीनशे वर्षांपूर्वी येथे आलेली मराठी भाषा या घरांतून अजून बोलली जाते. ती ऐकणे हाच माझ्यासारखीला मोठा लाभ होता.

आज माझ्याकडून आपण जे ऐकू इच्छिता, त्याचा मोडीशी काही संबंध नाही. सध्या मी कचऱ्यावरील एका पुस्तकाचा अनुवाद करीत आहे, एवढे कळल्यावरून आपल्यापैकी काही उपाहारगृहचालकांनी मला एक प्रश्न विचारला. रिकाम्या काचेच्या बाटल्या फार जागा अडवतात. त्या जागच्या जागी फोडून त्यांचा चुरा करणारे यंत्र मिळते म्हणतात. ते घ्यावे काय? मी अभियंता नाही. परंतु अनुवादकाला एक सवय लागलेली असते. कोणत्याही शब्दाला प्रतिशब्द देण्यापूर्वी तो शब्द कोठून आला आणि कोठे जाणार आहे, हे त्याला पाहावे लागते. बाटलीच्या बाबतीतही तेच करावे असे मी ठरवले.

प्रथम मी जे पाहिले ते सांगते. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी एका खाणावळीच्या मागील अंगणात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा गोणपाटाच्या पोत्यात बाटल्या भरून, पोत्याचे तोंड बांधून, वरून लाकडी दांडक्याने ठोकीत होता. त्याच्या डाव्या तळहाताला चिंधी बांधलेली होती. माझ्या यजमानांनी त्याला तमिळमध्ये विचारले, तेव्हा त्याने सांगितले की कचऱ्याच्या गाडीवाला अख्ख्या बाटल्या घेत नाही, कारण दहा पोत्यांतच गाडी भरते. फोडून दिल्या तर घेतो. हात कसा कापला, हे विचारण्याचे कारण उरले नाही. गोणपाटातून काचेचा सुळका बाहेर आलेला दिसतच होता. परंतु त्याने पुढे जे सांगितले ते मला अधिक लागले. तो म्हणाला, "माझा हातच कापला. आईचा पाय कापला होता, तेव्हा लावणीचे बारा दिवस गेले." त्या बारा दिवसांकडे मी पुढे येईन.

काच म्हणजे काय, येथून आरंभ करू. बाटलीची काच मुख्यतः तीन वस्तूंपासून होते: वाळू, धुण्याच्या सोड्याच्या जातीचा सोडा आणि चुनखडी. तयार काचेत सुमारे सत्तर टक्क्यांहून अधिक भाग सिलिका, म्हणजे वाळूचे द्रव्य असते. ही वस्तू भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णतेला वितळवावी लागते. सोडा आणि चुनखडी तापल्या की त्यांतील कर्बवायू निघून जातो. त्यामुळे एक टन काच करण्यासाठी सुमारे १.२ टन कच्चा माल घालावा लागतो आणि उरलेला सहावा हिस्सा धुराड्यातून आकाशात जातो. जळणाचा धूर यात धरलेला नाही. आता याच भट्टीत वाळूऐवजी फुटकी काच घातली तर ती आधीच काच असल्याने तिच्यातून हा वायू निघत नाही, आणि ती कमी उष्णतेवर लवकर वितळते. भट्टीच्या मालात फुटक्या काचेचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की जळणात साधारणपणे अडीच ते तीन टक्के बचत होते, असा काचधंद्यातील अनुभव आहे. शिवाय काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस उतरत नाही. कागद पुन्हा पुन्हा केला की त्याचे तंतू आखूड होतात, प्लॅस्टिक हलके होत जाते. काचेचे तसे नाही.

आपल्या मराठी घरांत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत. बांगडी "वाढवली" म्हणतात. फुटणे हा अशुभ शब्द टाळण्याची ती रीत आहे. परंतु काचेच्या कारखान्यात हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. तेथे फुटलेली काच खरोखरच नव्या काचेत वाढीला लागते. मात्र त्याकरिता ती कारखान्यापर्यंत चांगल्या अवस्थेत पोहोचली पाहिजे. आपल्या सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

आता जागेचा हिशेब पाहू. ६५० मिलिलिटरची बिअरची बाटली सुमारे अर्धा किलो वजनाची असते. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट आहे. तेव्हा त्या बाटलीतील प्रत्यक्ष काच केवळ २०० घन सेंटिमीटर जागेची असते. परंतु तीच बाटली इतर बाटल्यांबरोबर पिंपात कशीही टाकली तर आतली आणि भोवतालची पोकळी धरून ती सुमारे दीड लिटर जागा अडवते. म्हणजे आपण पिंपातून जे वाहून नेतो त्यात बहुतेक हवाच असते. चुरा केला तर कणाकणांमधील फटी धरूनही ती बाटली सुमारे ४०० घन सेंटिमीटरमध्ये मावते. पिंपाचे काम चौथ्या हिश्श्यावर येते. खाणावळीच्या मागील दहा फुटांच्या अंगणात या फरकाचे मोल किती, हे मी आपणांस सांगावयास नको.

यंत्राची रचना फार गुंतागुंतीची नसते. वरच्या तोंडातून बाटली आत सरकवली की ती एका बंद पेटीत पडते. तेथे वीजमोटारीवर फिरणारे पोलादी हातोडे तिला आपटतात आणि चुरा खालच्या पिंपात पडतो. तोंडाशी जाड रबराचे पडदे टांगलेले असतात; त्यांचे काम म्हणजे उडालेली काच परत माणसाच्या तोंडावर येऊ न देणे. खालचे पिंप जागेवर नसेल किंवा झाकण उघडे असेल तर यंत्र चालूच होऊ नये, अशी कळ चांगल्या यंत्रात असते. ही कळ नसलेले स्वस्त यंत्र घेणे म्हणजे पोत्याऐवजी विजेवर हात कापून घेणे होय.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु जागेचा हिशेब केला तसा वजनाचाही केला पाहिजे. तो बहुधा कोणी करीत नाही. शंभर लिटरच्या पिंपात अख्ख्या बाटल्या सुमारे पासष्ट मावतात आणि त्यांचे वजन बत्तीस-तेहतीस किलो होते. एक माणूस ते कष्टाने का होईना, उचलतो. त्याच पिंपात चुरा भरला तर अडीचशे बाटल्यांची काच मावते आणि वजन होते सव्वाशे किलो. ते दोघांनाही उचलवत नाही. पिंप कलंडले की धारदार चुरा पायांवर येतो. म्हणजे जागा वाचली, पण तिचा भार कोणाच्या तरी पाठीवर गेला. म्हणून यंत्राबरोबर लहान पिंप, चाकांची गाडी, जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट यांचा खर्च मालकाने पहिल्याच दिवशी धरला पाहिजे. आवाजही मोठा असतो. कानांवर बंदोबस्त नसेल तर रोज काही तास त्या यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्याची श्रवणशक्ती मंदावते. काचेची धूळ दगडफोडीच्या धुळीइतकी घातक नसते, कारण काचेतील सिलिका स्फटिकरूप नसते. तरीही ती डोळ्यांना, घशाला आणि त्वचेला त्रास देतेच. चुऱ्यावर थोडे पाणी शिंपडावे आणि यंत्र स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. अन्नात काचेचा एक कण गेला, तर त्यावर कोणताही युक्तिवाद चालत नाही.

दुसरा प्रश्न: चुरा झाल्यावर तो जातो कोठे? काचकारखान्याला चुरा हवा असतो हे खरे, पण कोणताही नव्हे. पांढऱ्या बाटलीच्या भट्टीत हिरवी किंवा तपकिरी काच मिसळून चालत नाही. तिला रंग येतो. अख्खी बाटली असताना तिचा रंग एका नजरेत कळतो आणि ती निवडून ठेवता येते. तीन रंगांचा एकत्र चुरा झाला की तो निवडण्यासाठी प्रकाशकिरणांची मोठी यंत्रे लागतात, ती पापनाशमला नाहीत. यापेक्षाही वाईट म्हणजे चिनी मातीच्या कपबशीचा तुकडा. तो बाटलीच्या काचेबरोबर वितळत नाही, नव्या बाटलीत खड्यासारखा अडकून बसतो आणि त्या ठिकाणी बाटली तडकते. आपण जिला भट्टीत चालणारी काच म्हणतो, त्या स्वयंपाकाच्या उष्णतारोधक काचेचेही तसेच आहे. म्हणून यंत्राच्या तोंडात फुटकी बशी टाकणारा एक निष्काळजी हात सबंध पिंपाचा भाव पाडू शकतो. तेव्हा बाटल्या फोडावयाच्याच असतील तर आधी रंगवार निवडाव्यात, पत्र्याची बुचे काढावीत आणि काचेखेरीज काहीही आत जाऊ देऊ नये.

येथे कोणी म्हणेल, चुरा बारीक करून त्याची वाळूच का करू नये? कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या पात्रांतून उपसल्या जाणाऱ्या वाळूविषयी आपल्या जिल्ह्यात जो असंतोष आहे, तो पाहता हा विचार मनाला लगेच पटतो. जगात तसे प्रयोगही झालेले आहेत. न्यूझीलंडमधील एका बिअर कंपनीने २०१७ साली बाटल्यांची वाळू करणारी यंत्रे पुढे आणली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात २०२० साली विद्यापीठातील तरुणांनी बाटल्या गोळा करून त्यांची वाळू करण्याचे काम सुरू केले आणि झिजत चाललेल्या किनाऱ्याच्या डागडुजीला ती वापरली. परंतु वाळू म्हणून काच बांधकामात घालताना एक सावधगिरी हवी. सिमेंटमधील अल्कली आणि काचेतील सिलिका यांच्यात ओलाव्यात अभिक्रिया घडून एक फुगणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि काँक्रीट आतून तडकू लागते. काच पिठासारखी बारीक दळली तर हाच दोष गुणात बदलतो आणि ती सिमेंटला मदत करते. पण तसे दळण्यास वेगळे यंत्र आणि बरीच वीज लागते. तेव्हा खाणावळीच्या मागे केलेला जाडाभरडा चुरा पाहुण्याच्या खोलीच्या स्लॅबमध्ये घालू नका. रस्त्याखालचा भराव, नळाभोवतीची गादी, पाणी झिरपण्याचे चर अशा ठिकाणी, अभियंत्याच्या सल्ल्याने, तो चालू शकेल.

आता तिसरा प्रश्न. माझ्या मते तोच पहिला असावयास हवा होता. ही बाटली अख्खी कोणाला हवी होती काय?

आपल्या देशात ती फार लोकांना हवी होती. "बाटलीवाला" हे मुंबईतील एक प्रतिष्ठित पारशी आडनाव आहे. रिकाम्या बाटल्यांची घेवाण-देवाण हा कधीकाळी एवढा भरभराटीचा धंदा होता की त्यावरून कुळाचे नाव पडावे. महाराष्ट्रात काच ही स्वदेशीच्या चळवळीची वस्तू झाली. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काढलेला कारखाना पुढे कंदिलांच्या काचांनी घराघरांत पोहोचला. ज्या काळी काच एवढ्या कष्टाने मिळत होती, त्या काळी रिकामी बाटली कोणी उगाच फोडीत नसे. औषधाच्या दुकानात जाताना घरची बाटली घेऊन जावे लागे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

ही रीत आज पूर्ण लोपलेली नाही. गावातील भंगारवाला, ज्याच्या दुकानाला येथे "कायलान कडै" म्हणतात, तो बाटली विकत घेतो. त्याच्याकडून ती मोठ्या व्यापाऱ्याकडे, तेथून धुण्याच्या जागी आणि पुन्हा भरण्याच्या कारखान्यात जाते. बिअरची बाटली अशा रीतीने अनेक फेऱ्या करते. जर्मनीत जाड काचेच्या बाटल्या पन्नासपर्यंत वेळा भरल्या जातात. बाटली धुण्यास गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा लागतो हे खरे; परंतु १५०० अंशांच्या भट्टीपुढे तो खर्च अगदी किरकोळ आहे. सारांश, पुन्हा भरता येणारी बाटली फोडणे म्हणजे शाबूत भांडे वितळवून पुन्हा तसलेच भांडे करणे होय. फोडण्याचे यंत्र कितीही उत्तम असले, तरी ते या प्रश्नाचे पहिले उत्तर होऊ शकत नाही.

तमिळनाडूत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या धंद्याशी थेट निगडित आहे. राज्य सरकारचे विपणन महामंडळ, ज्याला सर्वजण टास्मॅक म्हणतात, ते १९८३ साली स्थापन झाले आणि २००३ च्या अखेरीपासून मद्याची किरकोळ विक्रीही त्याच्याच हाती आली. या दुकानांना जोडून जे बार असतात, त्यांचा लिलाव ज्या हक्कांसाठी होतो ते हक्क दोनच: खाद्यपदार्थ विकणे आणि रिकाम्या बाटल्या गोळा करणे. यावरून ध्यानात येईल की रिकामी बाटली हा कचरा आहे असे खुद्द बारचालकही मानीत नव्हता. त्याने तिच्यासाठी पैसे मोजले होते. कचरा ठरत होती ती दुकानाबाहेर, शेताच्या बांधावर, कालव्याच्या काठी आणि जंगलात प्यायली जाणारी बाटली.

निलगिरीच्या जंगलात या फुटक्या बाटल्या हत्तींच्या तळपायांत रुतू लागल्या. हत्तीचा पाय वरून खांबासारखा दिसतो, पण त्याचा तळवा मऊ असतो. त्यात काच रुतली की जखम चिघळते आणि चालणेच ज्याचे जीवन, तो प्राणी चालेनासा होतो. हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाच्या आदेशावरून मे २०२२ पासून निलगिरी जिल्ह्यात एक योजना सुरू झाली. प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यावयाचे आणि रिकामी बाटली परत आणली की ते परत द्यावयाचे. विकल्या गेलेल्या बाटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत येऊ लागल्या. पुढे ही योजना टप्प्याटप्प्याने इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. दुकानांतील कर्मचाऱ्यांनी तिच्याविरुद्ध तक्रारीही केल्या: बाटल्या ठेवण्यास जागा नाही, मोजण्यास माणसे नाहीत. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचे निवारण झाले पाहिजे. तरीही ज्या बाटलीला कोणी वाकून उचलीत नव्हते, तिला दहा रुपयांनी मालक मिळवून दिला, ही गोष्ट लहान नाही.

आता या योजनेच्या प्रकाशात आपल्या यंत्राकडे पाहा. दहा रुपये मिळतात ते अख्ख्या बाटलीचे. चुऱ्याचे मिळत नाहीत. उपाहारगृहात बसून गिऱ्हाइकाने बाटली रिकामी केली आणि आपण ती तत्काळ यंत्रात घातली, तर आपण दहा रुपयांची नोट दळली असे होईल. शिवाय ते दहा रुपये गिऱ्हाइकाचे, वाढणाऱ्या पोऱ्याचे की मालकाचे, हा नवा वाद उभा राहील. तो आधीच मिटवलेला बरा. माझ्या मते बाटली जर उष्टी उचलणारा पोरगा नेऊन देत असेल, तर त्यातला वाटा त्याच्या हाती पडला पाहिजे.

मग यंत्राला काही स्थानच नाही काय? आहे. काही बाटल्या पुन्हा भरण्यासाठी कोणी घेत नाही: परदेशी आकाराच्या, नक्षीच्या, कोपरे उडालेल्या. काही बाटल्या अख्ख्या बाहेर जाऊ न देणेच योग्य असते, कारण नामांकित छापाच्या रिकाम्या बाटलीत बनावट मद्य भरून विकणारे लोक असतात आणि त्या मद्याने माणसे दगावतात. अशा बाटल्या फोडणे हे सार्वजनिक हिताचेच काम होय. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १ जानेवारी २००८ पासून बार आणि मद्य देणाऱ्या उपाहारगृहांना आपल्या रिकाम्या बाटल्या वेगळ्या काढून पुनर्वापरासाठी देणे कायद्याने बंधनकारक झाले. जेथे गोळा करणाऱ्याची गाडी येते आणि काच भट्टीपर्यंत जाते, तेथे जागच्या जागी चुरा करण्यात अर्थ आहे, कारण त्या चुऱ्याला पुढचे घर ठरलेले असते. ज्या गावात चुऱ्याची गाडी शेवटी गावाबाहेरच्या ढिगाऱ्यावरच रिकामी होते, तेथे यंत्र घेणे म्हणजे एका ठिकाणचा धोका बारीक करून दुसऱ्या ठिकाणी पसरवणे होय.

आणि ते दुसरे ठिकाण कोणते, हे या गावात विचारावे लागत नाही. कचऱ्याचा ढिगारा ओलांडला की शेत लागते. हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश आहे. २०२० साली याला कायद्याने संरक्षित शेतीक्षेत्र ठरवण्यात आले. बारा जूनला मेट्टूरचे धरण उघडण्याची परंपरा आहे. पाणी कल्लणैपर्यंत येते, तेथून फाट्याफाट्यांनी या शिवारात उतरते, आणि कुरुवै, सांबा, ताळडी अशी भाताची पिके त्याच्या भरवशावर उभी राहतात. लावणीच्या दिवसांत स्त्रिया घोटाभर चिखलात अनवाणी, ओणव्या होऊन, पाठीमागे सरकत काम करतात. कोणत्याही चपलेने ते काम करता येत नाही. कालव्यात कोणी फेकलेली बाटली फुटून पाण्याबरोबर शेतात येते, चिखलात दिसत नाही, आणि पाय मागे टाकताना डोळे तेथे नसतातच. निलगिरीतल्या हत्तीसाठी न्यायालय जागे झाले, हे उत्तमच झाले. परंतु त्या मुलाच्या आईचे लावणीचे बारा दिवस कोणत्याही निवाड्यात नोंदलेले नाहीत. बारा दिवस म्हणजे लावणीची जवळजवळ सगळी मजुरी. पावसाळा पुढच्या वर्षी पुन्हा येतो. पण त्या वर्षीची मजुरी परत येत नाही.

महाराष्ट्रात दारूच्या दुकानाविरुद्ध गावोगावच्या स्त्रियांनी मतदान केले आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होते. मद्य असावे की नसावे, या वादात मी आज शिरत नाही. तमिळनाडूत २०२३ साली पाचशे दुकाने बंद झाली, तरी हजारो चालू राहिली, हे आपण जाणता. मला एवढेच म्हणावयाचे आहे की उभी आणि आडवी याखेरीज बाटलीची एक तिसरी अवस्था असते. ती म्हणजे फुटलेली. तिच्याबद्दल आजवर कोणी कोणाचे मत विचारलेले नाही. आणि ती सोसणारे लोक बहुधा पिणारेही नसतात, विकणारेही नसतात.

आपण मला व्यवहाराचा प्रश्न विचारला होता, म्हणून व्यवहाराचे उत्तर देते. पहिली गोष्ट, आजपासून कोणाच्याही खाणावळीत पोत्यात बाटल्या ठोकणे बंद व्हावे. याला यंत्र लागत नाही, निश्चय लागतो. दुसरी गोष्ट, बाटल्यांसाठी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खणांचे खोके ठेवावेत. उभी रचलेली बाटली कमी जागा घेते, फुटत नाही आणि मोजता येते. ज्या बाटल्यांवर दहा रुपये परत मिळतात त्या दुकानात जाव्यात, ज्या भंगारवाला घेतो त्या त्याच्याकडे जाव्यात. तिसरी गोष्ट, यातून उरणाऱ्या बाटल्या एकेका खाणावळीला यंत्र घेण्याइतक्या नसतील. आपण आठ-दहा जणांनी मिळून एकच यंत्र, एका मोकळ्या जागी, एका प्रशिक्षित माणसाच्या हाती द्यावे. त्याला हातमोजे, चष्मा आणि बूट द्यावेत. चुरा रंगवार ठेवावा आणि तो कोणत्या कारखान्याकडे जाणार हे ठरवल्याशिवाय मोटारीची कळ दाबू नये. चौथी गोष्ट, नगर पंचायतीच्या गाडीवानाशी बोलावे. बाटली फोडून दिली तरच नेईन असे तो म्हणतो, कारण त्याच्या गाडीत जागा नाही. हा दोष त्याचा नव्हे. आठवड्यातून एक खेप केवळ काचेची, एवढी व्यवस्था झाली तर त्या मुलाच्या हातातील दांडके आपोआप खाली पडेल.

या गावाच्या नावाचा अर्थ पापाचा नाश करणारे स्थान. येथे येऊन माणसांची पापे जात असतील. काच मात्र जात नाही. मातीत पुरलेली काच आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही तशीच सापडेल, कारण ती कुजत नाही, गंजत नाही आणि विरघळत नाही. तिच्यापासून सुटका एकाच मार्गाने होते: तिला पुन्हा कामाला लावून.

काल संध्याकाळी मी पुन्हा त्या अंगणात गेले होते. मालकांनी बाटल्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या आणि पोते रिकामे होते. मुलाच्या हाताची चिंधी सुटलेली होती; जखम भरत आली आहे. मी त्याला विचारले, आईचा पाय कसा आहे? तो म्हणाला, "चालते. पण चिखलात उतरताना आता आधी हाताने चाचपून पाहते."

त्या बाईने हाताने चाचपून पाहण्याची वेळ येऊ नये, एवढी व्यवस्था आपल्याला करावयाची आहे. बाटली फोडण्याआधी एवढा विचार झाला, तर यंत्र घ्यावे की नाही, हे आपले आपणच ठरवाल.